जाड तारांनी कुणी मोठा गिटारिस्ट होत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत रॉक गिटारच्या टोनवर जवळपास अख्खं पान दिलंत त्याबद्दल आधी मनापासून आभार, मराठी पेपरात या विषयाला एवढी जागा क्वचितच मिळते. पण त्या लेखात तारांबद्दल जे लिहिलंय त्यासाठी हे पत्र लिहावंसं वाटलं. तार जितकी जाड तितका आवाज भरीव आणि म्हणून मोठे गिटारिस्ट जाड तारा लावतात, अशा अर्थाचं त्यात सरळसरळ छापलंय, आणि नुकतीच शिकायला लागलेली मुलं-मुली हे वाचून तेराचा सेट चढवणार, बोटं सोलवटून घेणार आणि वर असं समजणार की आपल्यातच दम नाही. असं होऊ नये असं मला फार कळकळीनं वाटतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तारांचा सेट सगळ्यात बारीक तारेच्या जाडीवरून ओळखतात. नऊचा सेट म्हणजे पहिली तार ०.००९ इंच, दहाचा म्हणजे ०.०१० इंच. आकडे ऐकायला अगदी जवळचे वाटतात पण हाताला फरक मोठा लागतो, कारण त्याच सुरात तार लावायची असेल तर ताण जाडीच्या वर्गाच्या हिशोबात वाढतो, म्हणजे नऊवरून दहावर गेलं की पहिल्या तारेचा ताण २३ टक्क्यांच्या आसपास वाढतो. साडेपंचवीस इंच स्केलच्या (म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी तेवढी असलेल्या) गिटारवर नऊची पहिली तार साधारण सहा किलोनं ओढलेली असते, दहाची साडेसात किलोच्या जवळ. लेस पॉलसारख्या पावणेपंचवीस इंचाच्या गिटारवर तोच सेट थोडा मऊ लागतो. म्हणजे नुसतं "मी दहाचा सेट वापरतो" एवढ्यावरून काही कळत नाही, कुठल्या स्केलवर आणि कुठल्या ट्यूनिंगला हेही सांगावं लागतं.

जाड तारांची ही समजूत पसरली ती मुख्यतः टेक्सासच्या ब्लूज-रॉक गिटारिस्ट स्टीव्ही रे वॉनमुळे. तो तेराचा सेट वापरायचा हे खरं आहे, पण तो गिटार एक सेमीटोन, म्हणजे अर्धा सूर, खाली लावायचा हे सांगायचं राहून जातं. एक सेमीटोन खाली आणलं की ताण साधारण ११ टक्क्यांनी उतरतो. तरीसुद्धा त्याची पहिली तार नेहमीच्या सुरातल्या दहाच्या तारेपेक्षा जवळजवळ दीडपट ताणलेली असायची, आणि त्याचे हात तसे मोठे आणि ताकदवान होते, उजव्या हाताचा फटका जबरदस्त होता, बारीक तार त्या फटक्याखाली क्षणभर सुराच्या वर सरकली असती. त्याला जाड तार हवी होती कारण त्याचा हात तसा होता. आणि त्याची किंमतही त्यानं मोजली, बोटांची कातडी निघाली की सुपरग्लू लावून वाजवायचा. हे धाडस म्हणून सांगितलं जातं, मला ते वाचून वाईट वाटतं.

आता त्याच टेक्सासचा दुसरा माणूस बघा, झीझी टॉपचा बिली गिबन्स. याची पहिली तार सातची! म्हणजे वॉनच्या तारेच्या जवळपास निम्मी जाडी, आणि आवाज ऐकाल तर भिंतीसारखा. गिबन्स स्वतः सांगतो की आधी तोही जाड तारा लावायचा, मग एकदा ब्लूजचा थोर गिटारिस्ट बी. बी. किंगनं त्याची गिटार हातात घेतली आणि विचारलं की एवढी मेहनत कशाला करतोस. तेव्हापासून तो बारीक तारांकडे वळला. एकाच मुलखातले दोन गिटारिस्ट, दोघांच्या तारा अगदी दोन टोकांच्या, आणि दोघांचाही आवाज भरीव. मग जाडीचा नियम राहिला कुठे?

पण या सगळ्यात मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते टोनी आयोमीबद्दल, आणि तुमच्या लेखात त्याचं नावसुद्धा नाही. हेवी मेटल ज्याच्या हातून सुरू झालं असं म्हणतात तो हा माणूस, ब्लॅक सॅबथचा. १९६५ साली, वय १७, बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात कामाचा शेवटचा दिवस, आणि मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिकेची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) तारा दाबायचा हातच नेमका तो. डॉक्टरांनी वाजवणं विसरून जा म्हटलं. मग कारखान्यातल्या त्याच्या फोरमननं त्याला जॅझ गिटारिस्ट जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली आणि सांगितलं की या माणसाची दोन बोटं आगीत निकामी झालीत आणि तरी तो हे वाजवतोय. आयोमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर जुन्या जॅकेटच्या चामड्याचे तुकडे चिकटवले. टोपणातून तार जाणवत नाही, किती दाबलंय ते कळत नाही, आणि जाड तार त्या टोपणांनी बेंड करणं, म्हणजे बोटानं ढकलून सूर चढवणं, तर शक्यच नव्हतं. म्हणून त्यानं बँजोच्या तारा गिटारवर लावून बघितल्या, कारण गिटारच्या तेवढ्या बारीक तारा त्याला सहज मिळत नव्हत्या. आणि १९७० चा तो पहिला अल्बम, ज्याच्यातला आवाज ऐकून लोकांना छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटलं, तो अशा बारीक तारांवर वाजलेला आहे. पुढे १९७१ च्या तिसऱ्या अल्बममध्ये त्यानं गिटार तीन सेमीटोन खाली उतरवली, त्यानं ताण आणखी ३० टक्क्यांच्या आसपास कमी झाला, बोटांना आराम मिळाला, आणि आवाज आणखी जड झाला. म्हणजे जगातला सगळ्यात जड समजला जाणारा गिटारचा आवाज सगळ्यात सैल तारांमधून आला! ही गोष्ट प्रत्येक शिकणाऱ्याला सांगायला हवी असं मला अगदी मनापासून वाटतं, कारण ज्याच्याकडे बोटांची टोकंच नव्हती त्यानं एक अख्खा संगीतप्रकार उभा केला.

जिमी हेंड्रिक्सचंही तेच. त्याच्या सेटमध्ये पहिली तार दहाची आणि सहावी, म्हणजे सगळ्यात जाड, ०.०३८ च्या आसपास, आजच्या नेहमीच्या दहाच्या सेटमध्ये सहावी तार ०.०४६ असते, म्हणजे खालच्या सुरांच्या तारा आजच्यापेक्षा बारीक, आणि वर तोही बऱ्याचदा एक सेमीटोन खाली लावायचा.

आणि याच्या अगदी उलट उदाहरण एकाच बँडमध्ये बघायचं असेल तर एसी/डीसी. सोलो वाजवणारा अँगस यंग नऊचा सेट वापरतो, आणि त्याचा थोरला भाऊ माल्कम, जो आयुष्यभर मागे उभा राहून फक्त रिदम, म्हणजे गाण्याला साथ देणाऱ्या कॉर्ड, वाजवत राहिला, तो बाराचा सेट लावायचा, एरवी साधी असते ती तिसरी तारसुद्धा गुंडाळीची, म्हणजे वर धातूचं वेटोळं असलेली. कारण माल्कमला बेंड करायचेच नव्हते! त्याला हवं होतं की सहाही तारांवर पूर्ण ताकदीनं फटका मारला तरी कॉर्ड सुरातून हलता कामा नये. प्रत्येकानं आपापल्या कामाप्रमाणे तार घेतली. तारेची निवड अशीच करायची असते, आपण काय वाजवणार, हात कसा आहे, ट्यूनिंग कुठलं, आणि बेंड केल्यावर सूर नेमका लागतोय का. कुणी काय लावतो ते बघून नाही.

जाड तारेचे फायदे नाहीतच असं मी म्हणत नाहीये. ट्यूनिंग खूप खाली नेलं तर बारीक तार लुळी पडते आणि फ्रेटवर खडखडते, तिथे जाडच हवी. स्लाइड वाजवणाऱ्यांना जाड तार बरी, स्लाइडच्या वजनाखाली ती दबत नाही. पिकअपच्या (तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागाच्या) चुंबकाच्या क्षेत्रात जास्त धातू हलतो म्हणून सिग्नलही थोडा जास्त येतो. पण बारीक तार जास्त लवचिक असते त्यामुळे वरचे ओव्हरटोन (मूळ सुरासोबत वाजणारे उपस्वर) जास्त स्वच्छ निघतात, आवाज जास्त लखलखीत लागतो. आणि रॉकमध्ये जिथे डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाडलेला आवाज, आहे तिथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. डिस्टॉर्शनच्या आधी बेस जास्त असेल तर सगळं मिळून चिखल होतो. म्हणून तर ट्यूब स्क्रीमरसारखं पेडल सिग्नलमधला खालचा भाग कमी करून मग तो पुढे अ‍ॅम्पला पाठवतं, आणि ते पेडल खुद्द वॉन वापरायचा! म्हणून क्वीनचा ब्रायन मे व्हॉक्स एसी ३० अ‍ॅम्पच्या आधी ट्रेबल बूस्टर, म्हणजे वरचे स्वर वाढवणारं यंत्र, लावतो. भरीव वाटणारा आवाज बऱ्याचदा आधी बेस कापून आणि नंतर अ‍ॅम्प-स्पीकरनं तो परत देऊन बनलेला असतो.

स्पीकरबद्दल तर तुमच्या लेखात एक ओळही नाही याचं मला आश्चर्य वाटलं. गिटारचा बारा इंची स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या पुढे झपाट्यानं खाली येतो, तीच त्याची खरी मदत आहे, कारण डिस्टॉर्शनचे त्याच्यावरचे सगळे करकरीत स्वर तो गाळून टाकतो. फझ पेडल (डिस्टॉर्शनचाच एक प्रकार) सरळ मिक्सरला लावून बघा, डबीत माशी अडकल्यासारखं ऐकू येईल. आणि रेकॉर्डिंगला माइक स्पीकरच्या मध्यावर ठेवला की आवाज टोचरा, दोन-तीन इंच कडेला सरकवला की मऊ. हा फरक नऊ आणि दहाच्या तारेतल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि त्याला पैसाही लागत नाही.

लेड झेपेलिनचा पहिला अल्बम, ज्याची गिटार ऐकून सगळ्यांना लेस पॉल आणि मोठ्ठा मार्शल अ‍ॅम्प डोळ्यासमोर येतो, तो जिमी पेजनं १९६८ मध्ये बहुतेक सगळा टेलिकास्टर आणि एका छोट्या सुप्रो अ‍ॅम्पवर रेकॉर्ड केलाय. टेलिकास्टर! जिला लोक कंट्री म्युझिकची गिटार म्हणतात. मुद्दा असा की आपण कानानं "मोठं" म्हणून जे ऐकतो ते मोठ्या सामानातून आलेलं असेलच असं नाही. उलट मी तर म्हणेन की नवीन वाजवणाऱ्यांनी गेन (अ‍ॅम्पवरचं डिस्टॉर्शन वाढवणारं बटण) निम्मा करावा. घरी एकट्यानं वाजवताना गेन पूर्ण आणि मिड (मधल्या स्वरांचं बटण) शून्यावर ठेवलं की मस्त वाटतं, पण बँडमध्ये त्याच सेटिंगवर गिटार गायब होते, खाली बेस आणि किक ड्रम, वर झांजा, आणि गिटारची जी मधली जागा असते तीच आपण आपल्या हातानं रिकामी केलेली असते. माल्कम यंगचा आवाज लोकांना वाटतो त्याच्यापेक्षा खूप स्वच्छ आहे, नीट कान देऊन ऐकलंत तर कॉर्डमधली प्रत्येक तार वेगळी ऐकू येते.

तारांच्या धातूबद्दल एकच सांगतो. पाकिटावर "प्युअर निकेल" लिहिलेलं असलं तरी ते फक्त खालच्या गुंडाळलेल्या तारांच्या वेटोळ्यांपुरतं असतं, वरच्या तीन साध्या तारा जवळपास सगळ्याच सेटमध्ये स्टीलच्याच असतात. निकेलच्या खालच्या तारा जरा मवाळ लागतात, स्टेनलेस स्टीलच्या चमकदार. आणि तार जुनी झाली की घाम आणि मळ वेटोळ्यांमध्ये बसतो, वरचे स्वर मरतात, सूरही नीट लागत नाही, तेव्हा महागडं पेडल घेण्याआधी तारा बदला. आणि गेज (तारांची जाडी) बदललं तर ट्रस रॉड (मानेतली सळई), इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर खरा लागतो का ते), स्ट्रॅटोकास्टर ऊर्फ स्ट्रॅट गिटार असेल तर मागच्या स्प्रिंगा, आणि जाडीकडे जात असाल तर नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा, हे सगळं बघावं लागतं, नाहीतर चांगल्या तारा लावूनही गिटार बेसूर वाजते आणि दोष तारांना मिळतो.

बरं, आता मोठा गिटारिस्ट कुणाला म्हणायचं हा लेखातला दुसरा प्रश्न, ज्याचं उत्तर तिथे वेग, सामान आणि विकले गेलेले रेकॉर्ड असं काहीसं दिलंय.

माझ्या मते पहिली परीक्षा बेंडची. गळ्यातून मींड घेताना पोचायच्या सुरावर नेमकं पोचावं लागतं, तसंच इथे आहे, बोटानं तार ढकलून पुढच्या सुरावर पोचायचं आणि तिथे कुठला फ्रेट मदतीला नाही, फक्त कान. पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिलमोर ऐका. तो एकाच फ्रेटवरून दोन-दोन, कधी त्याहून जास्त सुरांपर्यंत तार चढवतो आणि प्रत्येक पायरी अचूक. त्याची ती काळी स्ट्रॅट २०१९ साली लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली, पण ज्यानं ती घेतली त्याच्या हातात ते बेंड आले नाहीत ना! दुसरी परीक्षा व्हायब्रेटोची, म्हणजे धरलेल्या सुराला दिलेल्या आंदोलनाची. घाबरट, थरथरता व्हायब्रेटो आणि मनगटातून येणारा रुंद, संथ, तालात बसलेला व्हायब्रेटो, हा फरक नवख्या कानालासुद्धा कळतो. बी. बी. किंगचा एक सूर ऐकला की नाव सांगावं लागत नाही, फ्री या बँडच्या पॉल कॉसॉफचंही तसंच, बिचारा पंचविसाव्या वर्षी गेला पण तेवढ्या काळात त्यानं एका सुरावर थांबून राहणं म्हणजे काय ते दाखवून दिलं.

इंग्लिश गिटारिस्ट जेफ बेकबद्दल लिहायला बसलो तर पत्र संपणार नाही. १९८० च्या दशकात त्यानं पिक सोडून दिलं, अंगठा आणि बोटांनी वाजवायचा, करंगळी व्हॉल्यूमच्या बटणावर, तळव्यात ट्रेमोलो बार (सूर वरखाली करायची दांडी), आणि हे सगळं एकाच वेळी चालू. एकच सूर पाच वेळा वाजवला तर पाच वेगळे आवाज. जानेवारी २०२३ मध्ये तो गेला तेव्हा मला जवळचं माणूस गेल्यासारखं झालं. त्याची गिटार, त्याचा अ‍ॅम्प सगळं बाजारात मिळतं, तो आवाज मिळत नाही. आणि ब्रायन मेची गिटार तर त्यानं आणि त्याच्या वडलांनी घरी बनवलेली, नेकचं लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं, आणि पिक म्हणून सहा पेन्सचं नाणं. बारीक तारा लावतो तोही.

वेगाची चेष्टा करायची जी फॅशन आहे ती मला पटत नाही हेही इथेच सांगतो. एडी व्हॅन हेलन वेगवान होता म्हणून तो कमी भावनेचा, असं म्हणणारे लोक त्याची रिदम ऐकतच नाहीत, त्याचा उजवा हात किती डौलदार होता ते ऐका. वेग हा दोष नाही, वेगात प्रत्येक सूर सुटा आणि तालात असेल तर ते सुंदरच आहे. दोष आहे तो वेगात सगळं सारखंच ऐकू येण्यात.

पण सगळ्यात जास्त अन्याय होतो तो रिदमवाल्यांवर. रॉक गाणं चार मिनिटांचं असेल तर सोलो फार तर अर्धा मिनिट, उरलेली साडेतीन मिनिटं गिटारिस्ट काय करतो? तीच गोष्ट मोजायला नको का? मेटालिकाच्या जेम्स हेटफिल्डचा उजवा हात बघा, वेगवान रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे छोटे तुकडे) तो फक्त खालच्या दिशेच्या फटक्यांनी वाजवतो, एकही फटका इकडेतिकडे नाही, ज्यांनी करून बघितलंय त्यांना विचारा दोन मिनिटांत मनगटाचं काय होतं ते. कीथ रिचर्ड्सनं तर सहावी तारच काढून टाकली, पाच तारा आणि ओपन जी ट्यूनिंग, आणि त्यातून रोलिंग स्टोन्सचे कितीतरी गाजलेले रिफ आले. या लोकांची गिटार गाण्यातून काढली तर गाणं कोसळतं. आणि सिस्टर रोझेटा थार्प, गॉस्पेल गाता गाता इलेक्ट्रिक गिटार वाजवणारी बाई, जिच्याकडून रॉक अँड रोलची पहिली पिढी शिकली, तिला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली २०१८ साली, तिच्या मृत्यूनंतर ४५ वर्षांनी. तुमच्या लेखातल्या यादीत एकही बाई नाही आणि एकही निव्वळ रिदम वाजवणारा नाही, ही गोष्ट मला खरंच खटकली.

म्हणून एक विनंती आहे. यावर पुढचा लेख येणार असेल तर तो रिदम गिटारवर यावा, उजव्या हातावर, म्यूट करण्यावर, ड्रमरबरोबर बसण्यावर. माल्कम यंगला त्यात मोठी जागा मिळावी, आणि थार्पलाही. आणि त्यात एक छोटी चौकट हाताच्या दुखण्याबद्दल जरूर द्या, की बोटांच्या टोकांना घट्टे पडताना दुखतं ते चालतं पण मनगटात किंवा कोपराजवळ दुखायला लागलं, बोटं बधिर व्हायला लागली तर वाजवणं थांबवून डॉक्टरांना दाखवायचं, आणि मग हलका सेट लावून परत सुरू करायचं, त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही.

आपला,
एक गिटारप्रेमी वाचक